उन्हाळ्यातला स्लॅब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा १००० चौरस फुटांचा स्लॅब एप्रिलअखेर भरायचा आहे. माल आमचा, मजुरी ठेकेदाराची. माल किती लागेल आणि पैसे नेमके कुठे कमी पडतात? (अकोला)

उत्तर : स्लॅब ५ इंच जाड असेल तर काँक्रीट ४१७ घनफूट होतं. बीमचं माप नकाशावरून वेगळं काढा. इथे १२० घनफूट धरू. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाण धरलं तर सिमेंट १२३ पोती, वाळू सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी साडेचार ब्रास लागेल. नासधूस धरून १२८ पोती, अडीच ब्रास आणि पाच ब्रास मागवा. लोखंड साधारण १४०० किलो, बायंडिंग वायर १४ किलो. लोखंडाचा पक्का आकडा मात्र इंजिनिअरच्या सळई-तक्त्यावरूनच घ्या. कोटेशन जुनं असेल तर बदलून मागा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

पैसे कमी पडतात ते मालात नाही, तर पाणी आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून आधार देणाऱ्या प्लेटा-टेकूंच्या, भाड्यात. उष्ण-कोरड्या हवेत आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान १० दिवस हवं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस धरा. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून, म्हणजे आळी करून, दोन इंच पाणी साठवायला एका वेळी साधारण ४६०० लिटर जातं. वर मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे दिवसाला हजारएक लिटर. आळ्यांतून झिरपतं ते वेगळंच. १० हजार लिटरचे दोन टँकर आधीच ठरवून ठेवा, आणि मिश्रणाचं तीन हजार लिटर पाणी स्वतंत्र धरा.

मजुरी चौरस फुटावर ठरते तेव्हा बीमच्या बाजू, छज्जा, मिक्सर-लिफ्टचं डिझेल, व्हायब्रेटर आणि सेंट्रिंग किती दिवस राहणार, हे सगळं लेखी घ्या. ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस काढायचे नसतात. सातव्या दिवशी प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची ठेकेदाराला घाई असते, आणि वाद तिथेच होतो.

प्रश्न : शेजारच्या स्लॅबला भरल्या दिवशीच बारीक तडे गेले. सिमेंट कमी पडलं का? (चंद्रपूर)

उत्तर : बहुधा नाही. काँक्रीटमधून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा ऊन-वारा जास्त वेगाने पाणी ओढून घेतो, तेव्हा वरचा थर आकसून फाटतो. ताशी चौरस मीटरमागे लिटरभर पाणी उडू लागलं की धोका मोठा. अशा वेळी वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने घोटणं हा उपाय नव्हे. तडा फक्त झाकला जातो आणि पापुद्रा सुटतो.

काम संध्याकाळी पाचला सुरू करा. पहाटे सुरू केलं तर शेवटचं घमेलं दुपारपर्यंत जातं आणि ओला स्लॅब ऐन उन्हात सापडतो. रात्रीच्या कामाला दिवे, जनरेटर आणि जादा मजुरी लागते. हा खर्च आनंदाने करा, तडे बुजवण्यापेक्षा तो फार कमी आहे. खडीच्या ढिगावर आदल्या दिवसापासून पाणी मारा आणि भरण्याआधी प्लेटा व सळ्या गार करून घ्या, पण प्लेटांवर पाणी साचू देऊ नका. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान ४० अंशांच्या आत हवं. पाण्याच्या टाकीत बर्फ टाकला तर ते जमतं. मिश्रण घट्ट झालं म्हणून मजूर पाण्याची बादली ओततात, तेवढी अडवाच. पोत्यामागे २५ ते २७ लिटर ही हद्द, आणि वाळू ओली असेल तर तेवढं पाणी त्यातून वजा. पृष्ठभागावर बोट टेकवून ठसा उमटेनासा झाला की ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक पसरा. आळी सकाळी.

प्रश्न : पाणी विकत घ्यावं लागतं. क्युरिंग कंपाउंड मारलं तर चालेल? (सोलापूर)

उत्तर : कंपाउंड म्हणजे आतलं पाणी उडू नये म्हणून काँक्रीटवर मारायचा पातळ थर. कॉलमला चालेल. गच्चीच्या स्लॅबवर पुढे कोबा किंवा वॉटरप्रूफिंग करायचं असतं, आणि कंपाउंडचा थर त्याची पकड बिघडवू शकतो. ओलं गोणपाट, वर कडा दाबून प्लास्टिक, असं केलं तर तळं साठवण्यापेक्षा पाणी बरंच कमी लागतं. दिवसातून दोनदा प्लास्टिक उचलून गोणपाट ओलं आहे ना, हे पाहायला एक माणूस ठेवा.