'एन १' चे 'एन २' झाले म्हणजे आजार वाढला का?

आपल्या वडिलांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पहिल्या अहवालात 'सी-टी ३ एन १' होते, केमोथेरपी व रेडिएशननंतर शस्त्रक्रिया झाली आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात 'वाय-पी-टी २ एन २, गाठी ४/२३' असे आले, तेव्हा उपचार चालू असतानाच आजार वाढला का, असे आपण विचारले आहे. एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही, कारण हे दोन आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत. यात 'टी' म्हणजे मूळ कर्करोग अन्ननलिकेच्या भिंतीत किती खोल गेला आहे, 'एन' म्हणजे तो लसिका-गाठींत (लिम्फ नोड) किती पसरला आहे, आणि '४/२३' म्हणजे तपासलेल्या २३ गाठींपैकी ४ बाधित.

'सी' म्हणजे सीटी, पेट-सीटी, एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी) यांवरून उपचारापूर्वी बांधलेला अंदाज. त्यात गाठीचा आकार आणि तिने शोषलेली साखर (पेटवर ती उजळ दिसते) कळते. एक-दोन मिलिमीटरचा कर्करोगाच्या पेशींचा पुंजका सहसा दिसत नाही. उलट, आपल्याकडे क्षयाच्या गाठीही पेटवर उजळतात, म्हणून जिच्यावर उपचाराची दिशा ठरणार आहे ती संशयित गाठ शक्य असेल तेथे सुईने तपासावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. 'वाय-पी' ही मात्र उपचारांनंतर काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेली मोजणी असते. त्यामुळे आज सापडलेल्या चारही गाठी पहिल्या दिवशीच बाधित असणे सहज शक्य आहे.

कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या 'टीएनएम' या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत १-२ बाधित गाठी म्हणजे एन १, ३ ते ६ म्हणजे एन २ आणि ७ किंवा अधिक म्हणजे एन ३. येथे जागेपेक्षा संख्येला महत्त्व आहे, कारण अन्ननलिकेच्या भिंतीतील लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिका) उभ्या, लांबवर पसरलेल्या असतात आणि कर्करोग जवळची गाठ सोडून थेट दूरच्या गाठीत पोहोचू शकतो. म्हणूनच '४' इतकेच '२३' कडेही पाहावे. निदान १५ गाठी तपासल्या जाव्यात, असा प्रचलित संकेत आहे. सहाच गाठी पाहून दिलेल्या 'एन ०' वर (एकही गाठ बाधित नाही, या निष्कर्षावर) मी फारसा विसंबणार नाही.

तरीही उपचारांनंतर चार गाठींत कर्करोग उरणे ही गंभीर बाब आहे आणि ती आपल्यापासून लपवणे योग्य ठरणार नाही. गाठींमध्ये उपचाराने झालेले व्रण दिसले का आणि कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारावे. कडा स्वच्छ असूनही आजार उरलेल्या रुग्णांना वर्षभर निवोलुमॅब (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मदत करणारे इम्युनोथेरपीचे औषध) दिल्यास आजार परतण्यापूर्वीचा काळ लांबतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे. औषध महाग आहे, परंतु ते वडिलांना लागू पडते का, हे पुढच्याच भेटीत कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. शस्त्रक्रियेनंतर ते सुरू करण्याचा काळ मर्यादित असतो.