‘मॅडम, मोबाइल काढून घेऊ का?’

खानापूरपासून निपाणीपर्यंत, दहावीत किंवा पीयूसीत (अकरावी-बारावीत) शिकणाऱ्या मुलांचे आईवडील मला हा प्रश्न वारंवार विचारतात. त्याचे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे देते. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बेळगावजवळच्या वडगावातून एक आई सोळा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली. वडील यंत्रमागावर कामाला. पंधरा दिवसांपासून मुलगा नीट जेवत नव्हता, रात्री मोबाइल उशाखाली ठेवून जागा राहत होता आणि किराण्यासाठी दिलेल्या पैशांचा हिशेब लागत नव्हता. परीक्षेचे दडपण असेल, असे आईला वाटत होते.

पहिल्या भेटीत तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या भेटीत त्याने खाली मान घालून विचारले, “सांगितलं तर मोबाइल काढून घ्यायला सांगणार काय?” मी तसे सांगणार नाही, मात्र त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर ते आईला सांगावे लागेल आणि कसे सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवू, असे मी स्पष्ट केले. तेव्हा तो बोलू लागला. इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाने ओळख झाली, दोन दिवस गप्पा झाल्या, मग व्हिडिओ कॉल आला आणि त्या कॉलमधील त्याचे खासगी चित्रण करून, सोबत त्याच्या चुलत भावंडांच्या खात्यांची यादी पाठवून, ते त्यांना पाठवण्याची धमकी देत दोन हजार रुपये मागण्यात आले. त्याने ते यूपीआयने दिले. दुसऱ्या दिवशी पाच हजारांची मागणी आली.

इतके दिवस त्याने घरी का सांगितले नाही? दोन वर्षांपूर्वी गेमच्या रिचार्जवरून वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याचा मोबाइल जमिनीवर आपटून फोडला होता. चूक सांगितली की मोबाइलही जातो आणि अब्रूही जाते, एवढे तो त्या दिवशी शिकला होता, आणि धमकी देणाऱ्याच्या हाती नेमकी हीच भीती लागली. म्हणून माझे उत्तर असे आहे: अशा वेळी मोबाइल हिसकावून घेऊ नका. पुरावाही त्याच मोबाइलमध्ये असतो.

आम्ही आधी पैसे देणे थांबवले, कारण एकदा पैसे मिळाले की हा मुलगा देतो हे समोरच्याला कळते आणि मागणी वाढत जाते. संदेश, खात्याचे नाव, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घेतले, काहीही डिलीट केले नाही आणि त्यानंतरच ते खाते ब्लॉक केले. पैसे गेले असल्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. चित्रणासाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा वापरली. अठरा वर्षांखालील मुलांच्या नग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या चित्रांचा किंवा व्हिडिओंचा एक सांकेतिक ठसा तिथे तयार होतो, मूळ फाइल मोबाइलबाहेर जात नाही आणि त्या ठशाच्या आधारे सहभागी संकेतस्थळे ते चित्रण शोधून काढून टाकू शकतात. एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येणाऱ्या संदेशांपर्यंत मात्र तिची पोच नाही, हे मी आईपासून लपवले नाही.

पोलिसांचे नाव निघताच वडील बिथरले. कन्नडमध्ये काय लिहून द्यायचे आणि गल्लीत काय तोंड दाखवायचे, या दोन चिंता त्यांनी एका दमात बोलून दाखवल्या. पहिल्या चिंतेवर तोडगा सोपा होता. कन्नड चांगले येणारा मामा सोबत गेला. दुसरीसाठी मी त्यांना मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा समजावला. त्यात अठरा वर्षांखालील मुलगाही ‘बालक’ ठरतो, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असे बंधन आहे आणि प्रसारमाध्यमांत मुलाची ओळख उघड करता येत नाही. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती कळवणे कायद्याने माझ्यावरही बंधनकारक आहे, हेही त्यांना सांगितले.

नंतरच्या तीन भेटी आम्ही घरातील नियमांवर घालवल्या. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचा, असे आईने सुचवले. सगळ्यांचे मोबाइल तिथे असतील तर चालेल, असे मुलगा म्हणाला. वडिलांनी आपलाही ठेवण्याचे कबूल केले आणि मग थोडे थांबून, तो मोबाइल फोडला ते चुकलेच, असे मुलाकडे पाहून म्हणाले.