डोंगा आधी, इंजिन मागून

दिवाळी सरली, धरणांचे पाणी निवळले की मासेमारीसाठी नाव विकत घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. माझ्याकडे नावा दुरुस्तीला येतात त्याहून जास्त प्रश्न येतात. त्यांतले पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचे शेत वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले. मोबदल्यातले थोडे पैसे उरलेत, त्यात फायबरची नाव आणि इंजिन घ्यायचे आहे. मच्छीमार संस्थेचा सभासद आहे, पण नाव कधी चालवली नाही. शिकायला किती दिवस लागतील? (पवनी तालुक्यातून)

भाऊ, नाव चालवायला चार दिवस लागतात आणि नावेत काम करायला एक हंगाम. तुम्ही पैसे किती उरले ते लिहिले, पोहता येते का ते लिहिले नाही. विहिरीत सूर मारणे मी धरत नाही. शर्ट-पँट अंगात ठेवून पन्नास मीटर जा आणि मग नावेत परत चढून दाखवा. बाजूने चढायला गेलात तर नाव तुमच्याच अंगावर पालथी होते. मागून, दोन्ही हात टेकवून, पोटावर चढायचे असते. हे छातीभर पाण्यात, कुणीतरी सोबत असताना शिका. त्या दिवशी चार लोक हसतील, हसू द्या.

त्यानंतर गावातल्या एखाद्या जुन्या ढिवर (मासेमार) काकांच्या डोंग्यात, म्हणजे अरुंद लाकडी नावेत, होळीपर्यंत जात राहा. पगार मागू नका, डब्यात चार भाकरी जास्त न्या. डोंगा बसण्यातली चूक लगेच सांगतो. फायबरची नाव रुंद, ती चूक पोटात ठेवते आणि जाळे ओढताना एकदम बाहेर काढते. भरलेले जाळे दोघांनी एकाच बाजूने ओढले की कड पाण्याला टेकते. आत आलेले घोटाभर पाणी त्याच बाजूला धावते, आणि मग सावरायला वेळ राहत नाही. म्हणून एकाने ओढायचे, दुसऱ्याने समोरच्या बाजूला बसून वजन राखायचे. नांगरसुद्धा नेहमी पुढच्या टोकाला बांधायचा. मागे बांधला तर लाट सरळ आत येते, कारण इंजिनासाठी मागची फळी ठेंगणी ठेवलेली असते.

गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची. पाणी चढले तशी शेते, आमराया, विहिरी त्याखाली गेल्या. झाडांचे खुंट अजून उभे आहेत आणि इंजिनाचा पंखा त्यांना ओळखत नाही. मे महिन्यात पाणी उतरले की काकांसोबत एक चक्कर मारा आणि कुठला खुंट कुठल्या देवळाच्या रेषेत येतो ते डोक्यात बसवा. तुम्हाला तर आपल्याच शेताच्या धुऱ्यावरची झाडे ठाऊक असतील. हे लिहितानाही बरे वाटत नाही, पण ती माहिती आज कामाची आहे.

वाऱ्याचे सांगायचे तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेकडे काळे दिसले की जाळे सोडून द्या. वावधन (वादळी वारा) सुटले की आपल्या गावच्या काठाचा हट्ट धरायचा नाही, जो काठ जवळ तो आपला. नावेचे तोंड लाटेकडे ठेवा, आडवी पडू देऊ नका. पावसाळ्यात धरणाच्या ३३ दरवाजांच्या बाजूला फिरकूसुद्धा नका. वरून पाणी संथ दिसते, खाली ओढ असते.

वर्सोवा, रत्नागिरीकडे मत्स्यव्यवसाय खात्याच्या केंद्रांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. त्यात नौकानयन आणि डिझेल इंजिन शिकवतात, पण ते समुद्रातल्या मासेमारीसाठी. चांगलेच आहे, तुम्हाला मात्र वैनगंगा शिकायची आहे.

प्रश्न : अप्पर वर्धा धरणावर एक जुनी फायबर नाव इंजिनासकट विकायला आहे. मालक म्हणतो, नुकताच रंग दिला. काय काय पाहावे? (मोर्शीहून)

नुकताच रंग दिला, हे ऐकूनच मी सावध झालो असतो. विकायच्या आठवड्यात रंग देणारा माणूस काहीतरी झाकतो किंवा फार हौशी असतो. हौशी फार नसतात.

नाव पालथी घालायला लावा. रुपयाचा बंदा घेऊन हातभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटला असेल तिथे भदभद. रंगाखाली मुगाएवढे फोड दिसले तर तिथे पाणी मुरले आहे. मग नाव सरळ करून आत टाचभर पाणी भरा आणि तासभर बाहेरून पाहत बसा. बाहेरून आत येणारी गळती शोधण्यापेक्षा आतून बाहेर येणारी लवकर सापडते. शेवटी मागची फळी. फायबरच्या आत तिथे लाकूड असते आणि तेच आधी सडते. इंजिन लावलेले असताना त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली दाबा. फळी थोडीही लवली तर मालकाला चहा पाजा आणि घरी या.

इंजिनाबाबत एक युक्ती. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जा आणि इंजिनाला हात लावून पाहा. कोमट असेल तर तुमच्या आधीच ते चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन तीन-चार ओढीत सुरू व्हायला हवे. पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालवा, कोरडे चालवले तर आतली रबरी फिरकी जळते. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सारखी येते का पाहा, ती आली तरच इंजिन थंड राहते. खालच्या पेटीचे ऑइल काढून बघा. दुधी निघाले तर सील गेले आणि गिअरमध्ये पाणी शिरले. इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांडीची लांबीही मोजा. १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार सर्रास मिळतात आणि चुकीची दांडी फळीला जुळत नाही. आखूड पडली तर पंखा हवा घुसळतो, लांब पडली तर गाळ.

प्रश्न : इंजिन काठावर छान सुरू होते, मध्यावर गेले की दहा मिनिटांत बंद पडते. थोडे थांबले की पुन्हा चालते. दोन मेकॅनिक झाले, प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. (ब्रह्मपुरीहून)

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. बहुतेक एवढेच निघेल. नाव वाहून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि पाण्यात गेल्यावर विसरतात. पेट्रोल कमी होते, हवा आत जात नाही, ओढ बसते, इंजिन मरते. थांबल्यावर फटीतून थोडी हवा शिरते आणि ते पुन्हा चालते. पुढच्या वेळी बंद पडले की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा बघा. तो चपटा झाला असेल तर रोग हाच.

मी स्वतः एकदा याच स्क्रूपायी अर्धा दिवस घोडाझरी तलावाच्या मधोमध बसलो होतो, पिशवीत पाना घेऊन. त्यामुळे तुमच्या मेकॅनिकांना मी फार बोलणार नाही.

स्क्रू उघडा असूनही बंद पडत असेल तर थंडाव्याची धार बघा. पाणी ओढायच्या जाळीवर शेवाळ किंवा पन्नी अडकली की इंजिन तापून बंद होते. अशा वेळी दोरी ओढत राहू नका, आधी जाळी साफ करा.

तुमचे इंजिन टू-स्ट्रोक आहे असे धरून सांगतो. आजकालच्या बहुतेक इंजिनांना एका लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे ५० ला १. जुन्यांना जास्त लागते, इंजिनाच्या पुस्तकात असेल ते माना. अंदाजाने ओतणारे फार भेटतात, त्यांचाच प्लग काळा होतो. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे नसते, तेही लोक घालतात. हंगाम संपल्यावर पेट्रोल टाकीत ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओल धरते. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

आणि इंजिनासोबत मिळणारी ती लाल दोरी मनगटाला बांधा. तुम्ही पाण्यात पडलात तर तीच इंजिन बंद करते. बहुतेकांनी ती घरी खुंटीला टांगलेली असते.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाने गावचा मामा तलाव ठेक्याने घेतला आहे. गटातल्या काही जणी म्हणतात, अनुदानातून इंजिनाची नाव घेऊ. घ्यावी का? (अर्जुनी मोरगाव तालुक्यातून)

ताई, नको. मामा म्हणजे माजी मालगुजारी. जमीनदारीसारखी ती मालगुजारी गेली १९५० च्या कायद्याने, तलाव मागे राहिले आणि त्यांत गाळ साचत गेला. बहुतेक ठिकाणी बांबू टेकतो एवढेच पाणी असते. तिथे इंजिनाच्या पंख्यात कमळाचे देठ आणि शिंगाड्याचे वेल गुंडाळले जातील आणि तुम्ही दिवसभर कोयत्याने ते कापत बसाल. एक हलका डोंगा, दोन बांबू, दोन वल्ही आणि प्रत्येकीला लाइफ जॅकेट घ्या. जॅकेट अंगात घालायचे, बसायला उशी म्हणून नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्के अनुदान आहे. उरलेले ४० टक्के तुमचेच जाणार. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून मंजुरीपत्र हातात येईपर्यंत कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका, आणि अनुदान मिळते म्हणून न लागणारी वस्तू आणू नका. तेच पैसे मोठ्या बोटुकलीवर, म्हणजे तलावात सोडायच्या बोटभर पिल्लांवर, लावा.

प्रश्न : मासेमारी नसते तेव्हा त्याच नावेतून लोकांना नदीपार सोडले तर चार पैसे मिळतील. चालेल का? (गडचिरोली जिल्ह्यातून)

नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुडजवळ झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली आणि नात्यातली माणसे गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. माशांनी भरलेला डोंगा हलला तरी मासे उठून उभे राहत नाहीत. माणसे उठतात, आणि सगळी एकाच बाजूला उठतात.

तुम्ही पत्राच्या शेवटी उन्हाळ्यात नाव कुठे ठेवावी असेही विचारले आहे. फायबरची असेल तर दोन ओंडक्यांवर पालथी, झाडाच्या सावलीत. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन तिचा वरचा थर खडूसारखा करून टाकते. लाकडी असेल तर याच्या अगदी विरुद्ध करायचे : तिला काठाजवळच्या पाण्यात दगड भरून बुडवून ठेवा. कोरड्यावर राहिली तर फळ्या आकसतात आणि पहिल्या पावसात चाळणी होते. बुडवल्या जागी एक खूण रोवा, नाहीतर पाणी चढल्यावर शोधत बसाल.