साहेबांना 'नाही' कसं म्हणू? आणि आणखी तीन पत्रं

प्रश्न : मी लातूरकडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आता हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमची रोजची छोटी मीटिंग, प्रत्येकाने आपलं काम सांगायचं) माझी पाळी जवळ आली की घसा कोरडा पडतो, कसंबसं 'नो अपडेट' म्हणून सुटते. काम मात्र सगळं केलेलं असतं.

उत्तर : अगं, हे 'नो अपडेट' महागात पडतंय तुला, अप्रेझलला मॅनेजरला तेच आठवणार. स्टँडअपमध्ये भाषण द्यायचंच नसतं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, झालं. ही तीन वाक्यं आदल्या संध्याकाळी लिहून काढ आणि रूमवर मोठ्याने म्हण, मनातल्या मनात नाही, रूममेट हसली तर हसू दे. शक्यतो पहिली किंवा दुसरी बोल, कारण जितकी वाट बघशील तितकी धडधड वाढते. "पेमेंटचं बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा कटतायत" हे तुटक्या इंग्लिशमध्ये सांगितलंस तरी डेव्हलपर खुर्चीत ताठ बसेल, ग्रामर कोण बघतंय! आणि आधी कॉन्फिडन्स येईल मग बोलेन असं धरून बसू नकोस, होतं उलटंच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी भयंकर लाजाळू होता, 19व्या वर्षी त्याने ठरवून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शंभरेक अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या, एकीने भेटायला यायचं कबूल केलं आणि तीही आली नाही, पण त्याची भीती मात्र गेली. (तू हा प्रयोग करू नकोस, स्टँडअप पुरे.)

प्रश्न : पतसंस्थेत आहे. साहेब रोज पावणेसहाला नवीन काम टेबलावर ठेवतात. नाही म्हणता येत नाही, घरी पोचायला साडेनऊ.

उत्तर : 'नाही' हा शब्द वापरूच नका ना. "साहेब, हे आज घेतलं तर थकबाकीची यादी उद्या दुपारी होईल, आधी कुठलं करू?" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, आपल्याला लगेच सारवासारव करायची खोड असते. साहेब म्हणाले "दोन्ही करा", तर तेच वाक्य परत, त्याच आवाजात. आईच्या तब्येतीचं वगैरे कारण देऊ नका, दुसऱ्या दिवशी ते आईची चौकशी करतील आणि तुम्ही अडकाल. मार्चएंडला मात्र थांबा बुवा, तेव्हा सगळेच थांबतात.

प्रश्न : टीममध्ये मी एकटीच बाई. चहा, केक, मीटिंगचे मिनिट्स (नोंदी) सगळं माझ्याकडे. शिवाय एक सीनियर कपड्यांवरून काहीबाही बोलतात, परवा खांद्यावर हात ठेवला. मला असर्टिव्ह व्हायला, म्हणजे आपलं म्हणणं ठामपणे मांडायला शिकायचंय.

उत्तर : ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिनिट्सचं सोपं आहे, "मागच्या तीन वेळा मी घेतले, आज दुसरं कोणीतरी घ्या", हसत म्हणा, पण पेन उचलू नका. दुसऱ्या गोष्टीत मात्र तुमच्यात काही कमी नाहीये, सुधारायचंय ते त्यांनी. जमलं तर तिथल्या तिथे "हात काढा" म्हणा, नाही जमलं तरी तुमची तक्रार कच्ची होत नाही. तारीख, वेळ, शब्द, कोण समोर होतं, घरी आल्यावर लिहून ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून 3 महिन्यांत, असे प्रकार चालूच असतील तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. 'जाऊ दे, त्यांचा स्वभावच तसा आहे' असं सांगणाऱ्या मैत्रिणी भेटतील, त्यांचं ऐकू नका.

प्रश्न : मी स्पष्टवक्ता आहे, तोंडावर बोलतो. तरी लोक माझ्यासोबत जेवायलाही बसत नाहीत. असर्टिव्ह असणं चूक का?

उत्तर : तुम्ही पत्रात तीन सहकाऱ्यांना 'बिनडोक' म्हटलंय, मी मोजलं. "रिपोर्ट उशिरा आला, माझं काम अडलं, पुढच्या वेळी गुरुवारी द्या" हे झालं असर्टिव्ह. बिनडोक म्हणणं हे नुसतं भांडण. पुढचा आठवडा हा शब्द न वापरता काढून बघा आणि डबा घेऊन तुम्हीच त्यांच्या टेबलावर जा.