आकड्याखालचा छेद

प्रश्न : आमच्या वाचनालयात जागतिक आरोग्य दिनासाठी आकडेवारीचा फलक तयार करीत आहोत. '2022 साली जगात 49 लाख बालके पाच वर्षांची होण्याआधी दगावली' एवढे वाचून लोक 'जग बिघडतच चालले आहे' असे म्हणतात. आकडे मांडावेत तरी कसे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपला आकडा बरोबर आहे, पण त्याच्या शेजारी 1990 सालही हवे. त्या वर्षी असे मृत्यू सव्वा कोटीच्या घरात होते. दर हजार जन्मांमागे 93 हे प्रमाण 2022 मध्ये 37 वर आले. मात्र घट दाखवताना 49 लाख हा आकडा पुसू नका. न्यूमोनिया, अतिसार, मलेरिया अशा टाळता येण्याजोग्या आजारांनी आजही बालके जातात, हे सुधारणेच्या आनंदात झाकले जाऊ नये. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग श्रोत्यांना आधी अंदाज करायला लावत आणि मग आकडा दाखवत. आपणही फलकावर वरती प्रश्न व खाली झाकलेले उत्तर ठेवा.

जिल्ह्याच्या आकड्यांत छेद, म्हणजे तो आकडा एकूण किती लोकांमागचा आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 47.8 लाख, तर कोडगूची साडेपाच लाख होती. आजाराचे प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखे असले, तरी बेळगावात आठपटींहून अधिक रुग्ण दिसणारच. तेव्हा 'बेळगावात सर्वाधिक रुग्ण' अशा मथळ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. उलट, छेद फार लहान असला तरीही फसगत होते. वर्षाला 60 जन्म होणाऱ्या गावात एक बालक दगावले तर दर हजारी 17 येतो, दोन दगावली तर 33. म्हणून एका गावाचा दर काढून फलकावर लावू नये.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचे रुग्ण बेळगावला येतात, बेळगाव जिल्ह्यातील निपाणीचे कोल्हापूरला जातात, आणि मृत्यूची नोंद तो जेथे झाला तेथे होते. त्यामुळे रुग्णालयातील नोंदींवरून दोन जिल्ह्यांची तुलना करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी माहिती घेतली जाते. लसीकरण व रक्तक्षय यांचे जिल्हानिहाय आकडे 2019-21 च्या फेरीतून घ्यावेत. बालमृत्यूचा दर त्याच्या जिल्हा पत्रकात नसतो, तो राज्याचाच द्यावा आणि तसे स्पष्ट लिहावे.