पट्टीवरची दुसरी रेघ

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. मलेरियाचं किट पॉझिटिव्ह आलं, औषध सुरू केलं, तिसरा दिवस उजाडला तरी ताप उतरेना. परजीवी औषधाला दाद देत नाहीत की काय, असं विचारलंयस. तसं असेलही. पण हा ताप मलेरियाचाच, हे ठरवलं कोणी?

फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची सर्वांत घातक जात; तिची बहुतेक किटं परजीवीचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन पकडतात, आणि परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे रेंगाळतं. मागच्या महिन्यात मलेरियाचं औषध पुरं केलेल्या माणसाला आज टायफॉइड झाला, तरी किटच्या पट्टीवर पॉझिटिव्हची दुसरी रेघ उमटू शकते. म्हणून किट उघडण्यापूर्वीच आधीच्या औषधाबद्दल विचारत जा. उत्तर ‘हो’ आलं तर सरळ काच बघ, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली.

काचही स्वतः बघ, नुसत्या रिपोर्टवर जाऊ नकोस. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट किंवा रंगाचा साका नवख्या डोळ्याला हुबेहूब परजीवी वाटतो. नुसते चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट (डासात जाऊन पुढे वाढणारं परजीवीचं रूप) दिसले, तर ते तापाचे धनी नव्हेत; उपचारानंतरही ते काही आठवडे टिकतात. मग मोजणी. जाड थेंबात २०० पांढऱ्या पेशी होईपर्यंत दहा परजीवी दिसले, तर मायक्रोलिटरला साधारण ४०० झाले. जिथे मलेरिया बारमाही, तिथली मोठी माणसं एवढे परजीवी अंगात घेऊन ठणठणीत हिंडतात. मलेरिया कधीच न झालेल्या माणसाला मात्र एवढेही आडवं करतात. शिवाय फाल्सिपेरमचे पक्व परजीवी केशवाहिन्यांत चिकटून बसतात, काचेवर येत नाहीत, त्यामुळे गंभीर रुग्णात आकडा कमी दिसला तरी गाफील राहायचं नाही. पॉझिटिव्ह असेल तर औषध द्यायचंच. फक्त तिथे शोध थांबवायचा नाही.

उमेदवारीच्या काळात मी थांबवला होता. तीन वर्षांचं पोर, काच पॉझिटिव्ह, औषध लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो. सिस्टरांनी त्याचा सदरा वर केला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता. मिनिटाला ५६ श्वास. मी मोजलेच नव्हते. न्यूमोनिया होता.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, हे पुढे कळलं. उत्तर टांझानियात तापाने दाखल झालेल्या ८७० रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ५२८ जणांवर मलेरियाचा शिक्का बसला होता. प्रत्यक्षात मलेरियाने आजारी निघाले ८७० पैकी १४.

उलटंही होतं. एचआरपी-२ चं जनुकच गमावलेले परजीवी असतात, ते त्या किटला दिसत नाहीत. शंका दाट असेल तर एका निगेटिव्ह काचेवर सुटका नाही. दर बारा ते चोवीस तासांनी, दोन-तीन दिवस पुन्हा बघ.

आता तुझा रुग्ण. आजच काच कर. परजीवी घटलेच नसतील, तर गोळी उलटून पडली होती का, हे आधी घरच्यांना विचार. ते भराभर घटलेत आणि ताप तसाच आहे, तर डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपास: कान, घसा, छाती, मान, लघवी. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, अँटिबायोटिकच्या आधी घे, नंतर नव्हे.

काय निघालं ते कळव.

तुझा,
सर