पाठ बदलते, जीन बदलत नाही

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लष्कराच्या घोड्यावर बसायचं आहे म्हणतोस आणि दौड, उड्या, भाला कधी शिकायला मिळेल असं विचारतोस. ते शिकवणारे पुष्कळ भेटतील. तू आधी घोड्याची पाठ ओळखायला शीक. पाठीला जखम झालेला घोडा स्वाराच्या उपयोगाचा राहत नाही, मग तो कितीही वेगाचा असो.

१८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश फौजेचे ३ लाखांहून अधिक घोडे गेले. त्यातले गोळीनं मेलेले थोडेच. बाकीचे जहाजातून उतरले ते विसावा न मिळताच कूच करू लागले आणि अपुरा चारा, जड बोजा, रोगराई यांनी संपले. जहाजातून उतरलेला घोडा आपल्या गोव्याला काही नवा नाही. कदंब राजांच्या गोपकपट्टणात, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याच्या परिसरात, अरबी घोडे उतरत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि हा व्यापारही मुठीत धरला. विजयनगरला आणि विजापूरला घोडा हवा, तो समुद्रातून यायचा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत, ते जाऊन नीट बघ. आठवडेच्या आठवडे डेकवर उभा राहिलेला घोडा पाय सुजवून घेतो आणि पाठीवरचं मांस गमावतो. महिन्यापूर्वी चपखल बसणारी जीन मग त्याच घोड्याच्या हाडाला घासू लागते. स्वारी सुरू झाल्यावरही हेच होत राहतं.

शहाण्या घोडदळांनी यावरच डोकं चालवलं. ब्रिटिश फौजेच्या १९१२ च्या नमुन्याची जीन हाती आली तर उलटी करून बघ. पुढं-मागं पोलादी कमानी, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आणि फळ्या कमानीला जागेवर थोड्या हलतील अशा जोडलेल्या. घोडा वाळला की फळ्या त्याच्या बरगड्यांचा उतार धरतात. खाली लोकरीचा नमदा किंवा घडी घातलेलं कांबळं. मांस उतरलं की कांबळ्याची घडी बदलून भर वाढवायची. आपल्याकडचं खोगीर म्हणजे भरलेली गादीच. खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी गोष्टीला लावतात, पण खरी खोगीरभरती फार जोखमीचं काम आहे. आत हाती लागेल ते कोंबलं की गाठी होतात, आणि एकेक गाठ पाठीत खड्यासारखी रुतते. शिगम्यात घोडेमोडणीचा नकली घोडा कमरेला बांधून नाचलेल्या डिचोली-सत्तरीच्या कुणालाही विचार. दोर एकाच जागी रुतला की ढोल थांबेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. घोड्याला तर ते सांगताही येत नाही.

जीन कसायच्या आधी तिचा सांगाडा तपास. पुढची आणि मागची कमान दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाब. करकर ऐकू आली किंवा मधे वाकल्यासारखं वाटलं, तर सांगाडा तुटला आहे; ती जीन घोड्यावर ठेवायची नाही, वर नवं चामडं असलं तरी. मग कांबळं पाठीवर जरा पुढं ठेवून केसांच्या रोखानं मागं सरकव, म्हणजे केस उलटे होणार नाहीत. जीन ठेवल्यावर कांबळं कमानीत वर ओढ. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर ते ताणलेलं राहिलं तर तासाभरात तिथं गरम सूज येते. स्वार बसल्यावर हा उंचवटा आणि पुढची कमान यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. वजन लांब बरगड्यांवर यायला हवं. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागं कंबर, तिथं भार टेकवायचा नाही. तंग, म्हणजे पोटाखालून जीन आवळायचा पट्टा, कोपरामागं चार बोटांवर, आणि एकदम करकचून नको. थोडा आवळ, दहा-पंधरा मिनिटं चालव, मग परत बघ. घोडा सुरुवातीला पोट फुगवतो, म्हणून पहिल्यांदा घट्ट वाटलेला तंग नंतर ढिला पडतो. पिशव्यांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं. एक बाजू जड झाली की जीन सरकते, आणि जखम हलक्या बाजूच्या उंचवट्यावर उमटते. नवशिके जड बाजूलाच दोष शोधत बसतात!

परतल्यावर जीन ओढून काढू नकोस. तंग दोन भोकं सैल कर, घोड्याला हातानं धरून चालव, मग जीन उतरव आणि तळव्यांनी पाठ चोळ. दाबलेल्या जागेत रक्त एकदम धावलं की सूज धरते. पुरती घामेजलेली पाठ चांगली. घामात एखादी कोरडी जागा राहिली तर समज, तिथं दाब जास्त आहे. जुन्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला तर तिथं पूर्वी जखम झाली होती. त्या जागी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेव.

आपल्या पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जूननंतर चामड्याला दोन दिवसांत बुरशी येते. ओलं चामडं उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं की तडकतं. सावलीत, वाऱ्यावर टांग. खोबरेल सढळ हातानं चोपडू नकोस, चामडं मऊ होऊन ताणतं आणि रिकिबीचा पट्टा बकलाच्या भोकाशी तुटतो. दर आठवड्याला शिवण नखानं उचकून बघ. धागा कुजतो तो आतून. ओल्या तबेल्यात खुराच्या खाचा काळ्या पडून वास मारू लागतात, म्हणून रोज खूर साफ आणि तळ कोरडा. गोमाशा वाढल्या की सर्रा नावाचा रोग येतो, घोडा मलूल पडतो, ताप चढ-उतार करतो. अशा वेळी पशुवैद्यालाच बोलव.

नोकरीचं म्हणशील तर कॅव्हलरी, म्हणजे घोडदळ, या नावावरून फसू नकोस. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पणजीसमोरच्या बेतीच्या काठावर येऊन थांबलेल्या ७ लाइट कॅव्हलरीकडे रणगाडे होते. घोडा आज उरला आहे तो राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात (उभारणी १७७३), जयपूरच्या १९५३ साली उभ्या राहिलेल्या ६१ कॅव्हलरीत, आणि घोडे, खेचरं, कुत्री सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये. या कोअरमध्ये नालबंदाचं कामही आहे, त्याला हलकं समजू नकोस. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागं एक नालबंद आणि एक पखाली नेमलेला असे. पाणी आणि नाल, दोन्ही इतक्या बारकाईनं मोजलेलं.

आता एवढं कर. ज्या घोड्यावर सध्या बसतोस, त्याची जीन उतरवल्याबरोबर घामाचा आकार कागदावर काढ. कोरड्या जागा पेन्सिलीनं काळ्या कर, डावी-उजवी बाजू लिही. आठ दिवसांचे आठ कागद मला पाठव.

तुझा शुभचिंतक